गाडी घेतली, आता पोसायची कशी? खर्च, दुरुस्ती आणि लीजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरे महाराष्ट्रात नोंदवलेल्या, घरगुती वापराच्या मोटारींपुरती आहेत. जिथे किंमत, मायलेज किंवा व्याजदर ‘धरला’ असे लिहिले आहे, तिथे आपला आकडा टाकून गणित पुन्हा मांडावे.

शोरूमची किंमत ८ लाख सांगितली होती. कोटेशन सव्वानऊ लाखांचे कसे झाले?

सगळ्यात मोठा घास आरटीओचा. वैयक्तिक नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के, म्हणजे सुमारे ८८,००० रुपये. तशाच डिझेल गाडीला १३ टक्के. हीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर २० टक्क्यांवर जातो. ‘धंद्याच्या नावावर घेऊ, घसारा दाखवू’ असा सल्ला मिळाला असेल तर आधी हा फरक वजा करून पाहा.

नोंदणी फी ६००, कर्ज असेल तर बोजा नोंदवायचे १,५००, स्मार्टकार्डाचे २००. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो: १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये, वर जीएसटी असल्यास तो. उरले स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा विमा आणि त्यावरची झिरो डेप्रिसिएशनसारखी (क्लेममध्ये पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारी) जोडकवचे. त्याचे २० ते २२ हजार धरले की बेरीज सव्वानऊला टेकते.

घासाघीस करायची जागा शेवटच्या दोन-तीन ओळींत असते. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ असे काही दिसले तर सरळ खोडायला सांगा. मॅट, मडफ्लॅप आणि सेंटची बाटली मिळून ‘एसेन्शियल किट’ म्हणतात, त्यात एसेन्शियल काही नसते. विमा डीलरकडूनच घ्यायचे बंधन नाही. बाहेरचे दोन कोट दाखवले की डीलरचा आकडा बहुधा तिथल्या तिथे उतरतो.

पेट्रोल आणि हप्ता सोडला तर गाडीला खर्च तरी काय येतो?

पावती येत नाही तोच खर्च सगळ्यात मोठा असतो: घसारा. वरचीच गाडी घेऊ. रस्त्यावर पडली ९.२५ लाखांना, पाच वर्षांनी विकली ४.२५ लाखांना असे धरू. म्हणजे वर्षाला एक लाख रुपये गाडी उभी असली तरी गेलेच.

६.५ लाखांचे कर्ज, ९ टक्के, पाच वर्षे: एकूण व्याज सुमारे १.६० लाख, म्हणजे वर्षाला ३२,०००. वर्षाला १०,००० किमी, १५ चे मायलेज आणि लिटरला १०५ रुपये धरले तर पेट्रोलचे ७०,०००. विम्याचे नूतनीकरण सरासरी १०,०००, सर्व्हिसिंग आणि झीज १०,०००, टायर-बॅटरीसाठी दरवर्षी बाजूला ठेवायचे ५,०००, सकाळी गाडी पुसणाऱ्याचे ६,०००. झाले २,३३,०००. महिन्याला साडेएकोणीस हजारांच्या घरात, किलोमीटरला २३ रुपये.

यात पार्किंग, टोल आणि चलान नाही. वर्षाला ४–५ हजार किमीच गाडी चालत असेल तर दर किलोमीटरचा आकडा ३८ ते ४८ पर्यंत चढतो, कारण घसारा, व्याज आणि विमा मीटर बघून लागत नाहीत. अशा घरात दुसरी गाडी घेण्याआधी टॅक्सीचा महिन्याचा हिशेब मांडून पाहावा.

कर्ज पाच वर्षांचे घ्यावे की सात?

६.५ लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे १३,४९०, सात वर्षांचा १०,४६०. तीन हजार हलके वाटतात, पण एकूण व्याज १.६० लाखांवरून २.२८ लाखांवर जाते. दुसरी अडचण अशी की सात वर्षांच्या कर्जात चौथ्या-पाचव्या वर्षी गाडी विकायची म्हटली तर विक्रीच्या पैशांतला मोठा वाटा उरलेल्या कर्जात जातो. सातच वर्षे परवडत असतील तर गाडी एक पायरी खालची घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘फ्री सर्व्हिस’ला गेलो आणि बिल ९,००० आले. फुकट काय होते?

फक्त मजुरी. ऑइल, फिल्टर, कूलंट यांचे पैसे पहिल्या दिवसापासून तुमचेच.

बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा लागते ते एवढेच: इंजिन ऑइल (१.२ लिटरच्या इंजिनाला साधारण साडेतीन लिटर), ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचा वॉशर, एअर फिल्टर आणि केबिन फिल्टरची सफाई. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा ओढते आणि घाटात तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल मऊ पडते. स्पार्क प्लग आणि कूलंट मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या किलोमीटरवर. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर हा तक्ता असतो. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरसमोर उघडा.

बिल फुगते ते जादा ओळींनी: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन, अँटी-रस्ट. यातले एकही तक्त्यात नसते. तक्रार असेल तर करावे. आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वरखाली होत असेल तर थ्रॉटल बॉडी साफ करण्यात अर्थ आहे, गाडी छान चालत असताना नाही. अपवाद एक: रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात समुद्राच्या वाऱ्यात गाडी उभी राहत असेल तर खालून गंजरोधक कोटिंग पैसे वसूल करते. सोलापुरात नाही.

जॉबकार्डवर (गॅरेज करणार असलेल्या कामांच्या यादीवर) सही करण्याआधी तीन गोष्टी हाताने लिहा: ‘एस्टिमेटपेक्षा जास्त काम फोनवर मंजुरी घेतल्याशिवाय करू नये’, ‘बदललेले जुने पार्ट परत द्यावेत’ आणि मीटरचे रीडिंग. ही सवय लागली की बिल आपोआप आटोक्यात येते. सोबत कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका.

बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले तर वॉरंटी जाते का?

सरसकट नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी रद्द करू नये, ही भूमिकाही त्याच आदेशात होती. प्रकरण पुढे अपिलात आणि न्यायालयात गेले.

व्यवहारात मात्र असे समजा: टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, वायपर बाहेर बदलल्याने इंजिनाची वॉरंटी जात नाही. पण बाहेर वायर कापून हॉर्न-लाइट लावले आणि पुढे वायरिंग जळाले, तर कंपनी हात वर करते आणि तिचे म्हणणे खोडणे अवघड जाते. नियमित सर्व्हिस बाहेर करायची असेल तर ऑइलचा ग्रेड, लिटर आणि मीटर रीडिंग लिहिलेले जीएसटी बिल जपून ठेवा. वॉरंटी चालू असेपर्यंत आम्ही तरी अधिकृत ठिकाणीच नेऊ.

ओरिजिनल, ओईएम आणि लोकल पार्ट यांत काय घ्यावे?

गाडीची कंपनी स्वतः फारसे पार्ट बनवत नाही. ब्रेक, क्लच, फिल्टर, बेअरिंग बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. तोच माल गाडी कंपनीच्या खोक्यात आला की ओरिजिनल, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात आला की ओईएम, आणि किंमत बऱ्याचदा चांगलीच कमी. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलात तर आरसीची झेरॉक्स आणि जुन्या पार्टवरचा नंबर सोबत ठेवा. मॉडेल एकच असले तरी वर्षागणिक नंबर बदलतो.

लोकल माल आरसा, मडगार्डचे अस्तर, डिकीचा हँडल इथपर्यंत चालतो. ब्रेक, स्टिअरिंग, लोअर आर्म आणि टायमिंग बेल्ट या चार ठिकाणी नाही. टायमिंग बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि काही हजारांचे काम थेट इंजिन उघडण्यावर जाते.

३५,००० किमीलाच क्लच गेला. कंपनीचा दोष की माझा?

बहुधा पायाचा. क्लच पेडलवर पाय ठेवून गाडी चालवणे आणि चढावर हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे, या दोन सवयी प्लेट खातात. कात्रजच्या चढावर किंवा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज तास घालवणाऱ्याची प्लेट नागपूर–अमरावती करणाऱ्याच्या निम्म्यात संपते.

खात्री करायची तर मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, समोर कोणी नाही हे पाहा, तिसरा गियर टाका आणि थोडा रेस देत क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर प्लेट धरते आहे. इंजिन चालूच राहिले तर घसरते आहे. पुन्हा पुन्हा करू नका, त्यानेही जळते.

काम करताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकदमच बदला. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच लागते. दोन हजार वाचवायला जुने बेअरिंग ठेवले आणि ते सहा महिन्यांनी ओरडायला लागले, तर पूर्ण मजुरी पुन्हा. गिअरबॉक्स खाली असतानाच फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे आहेत का आणि क्रँकशाफ्टचा मागचा ऑइल सील ओला आहे का, हे मिस्त्रीला दाखवायला सांगा.

दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरावा लागतो. हे नॉर्मल आहे का?

नाही. एसीची यंत्रणा बंद असते. गॅस ‘संपत’ नाही, गळतो. लहान गाडीत आर-१३४ए गॅस साधारण ४०० ते ५०० ग्रॅम बसतो, नेमका आकडा बोनेटखालच्या स्टिकरवर असतो. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी.

आधी फुकटातल्या गोष्टी पाहा. केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्समागे असतो, तो काढून उजेडासमोर धरा. मग रेडिएटरच्या पुढचा कंडेन्सर चिखल आणि किड्यांनी बुजला आहे का. गाडी धावताना थंड हवा आणि सिग्नलला उभी असताना गरम, असे होत असेल तर कूलिंग फॅनवर संशय घ्या.

यानंतरही थंड होत नसेल तर नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करायला सांगा आणि अर्धा तास काटा उतरतो का ते पाहा. गळती बहुधा कंडेन्सरला (रस्त्यावरचे खडे), पाइपच्या ओ-रिंगला किंवा डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलला. शेवटच्यात मजुरी महाग, कारण बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरतो.

पावसात पाण्यात गाडी बंद पडली. काय करू?

किल्ली फिरवू नका. एवढे एक पाळले तर इंजिन वाचण्याची शक्यता मोठी. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर पाणी दाबले जात नाही. स्टार्टर किंवा इंजिन जोर लावते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. साधी विमा पॉलिसी हे नुकसान सहसा नाकारते, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळे कवच लागते. मुंबई, ठाणे, कोल्हापूर, सांगलीत ते घ्यावेच.

क्रम असा: गाडी न्यूट्रलला ठेवून ढकलत उंचावर न्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा, फ्लॅटबेडवर (अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर) गॅरेजला पाठवा. तिथे पहिल्यांदा एअर फिल्टर उघडायचा. कोरडा असेल तर जीव भांड्यात पडला. ओला असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचे, ऑइल बदलायचे, मगच सेल मारायचा. ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा झाला असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे.

बंपर ठोकला. क्लेम करू की खिशातून देऊ?

गणित करून ठरवा. तीन वर्षे पूर्ण झालेली गाडी, झिरो डेप्रिसिएशन नाही, बिल ३०,००० असे धरू:

– प्लास्टिक बंपर ६,०००: ५० टक्के कपात, तुमचे ३,०००
– हेडलाइट ९,०००: हेही प्लास्टिक धरतात, तुमचे ४,५००
– पत्र्याचे फेंडर ४,०००: चौथ्या वर्षात २५ टक्के, तुमचे १,०००
– रंग ८,०००: त्यातला पाव भाग साहित्य आणि साहित्यावर ५० टक्के, तुमचे १,०००
– मजुरी ३,०००: पूर्ण मिळते
– सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंत: १,०००

तुमच्या खिशातून १०,५००, कंपनीचे १९,५००.

आता नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सूट. तो दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. सध्या ३५ वर असाल तर पुढच्या वर्षी ४५ मिळणार होता, क्लेम केल्यावर शून्य. त्यानंतरच्या वर्षी ५० ऐवजी २०, मग २५, ३५, ४५. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनस वजा करण्याआधी १२,००० धरला तर पुढच्या पाच वर्षांत मिळून सुमारे १४,४०० रुपये जास्त भरावे लागतात. १९,५०० मिळतात, १४,४०० जातात: क्लेम जेमतेम परवडतो. बिल १५,००० असते तर खिशातूनच द्यावे.

फक्त पुढची काच गेली असेल तर काचेला कपात शून्य असते, पण बोनसवर परिणाम होतो का हे आपल्या पॉलिसीत पाहून मगच फोन करा. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की साठलेला बोनस असाही जातो.

डिझेल गाडीत डीपीएफचा दिवा सारखा लागतो.

रोज चार-पाच किमीच चालवत असाल तर लागणारच. हा फिल्टर काजळी साठवतो आणि सायलेन्सर पुरेसा तापला की जाळतो. दिवा नुकताच लागला असेल तर हायवेवर वीस-पंचवीस मिनिटे ६०–८० च्या वेगाने, एक गियर खाली ठेवून चालवा. दुर्लक्ष केले तर आधी कार्यशाळेत सक्तीचे रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणे) आणि शेवटी फिल्टरच बदलणे. ज्यांचे रनिंग शहरातलेच आहे त्यांनी डिझेल घेऊ नये.

टायर कधी बदलायचे?

खाचेची खोली १.६ मिमीवर आली की, किंवा रबराला तडे दिसले की. बाजूवर चार आकडे असतात: ३२२२ म्हणजे २०२२ चा ३२ वा आठवडा. दुकानदार जुना माल सवलतीत खपवतो, म्हणून बिल देण्याआधी चारही टायर वाचा. फक्त आतली कड झिजली असेल तर नवे टायर टाकण्याआधी लोअर आर्मचे बुश आणि अलाइनमेंट तपासा, नाहीतर नवेही तसेच झिजतील.

लीज किंवा सबस्क्रिप्शन स्वस्त पडते का?

थोड्या काळासाठी सोयीचे, स्वस्त क्वचित. तीच गाडी करासह महिना २३,००० ने ३६ महिने घेतली असे धरू: ८.२८ लाख. विकत घेऊन तीन वर्षांनी ५.७५ लाखांना विकली तर घसारा ३.५० लाख, तेवढ्या काळातले व्याज १.३१ लाख, दोन नूतनीकरणे आणि सर्व्हिस मिळून ४५ हजारांच्या आसपास: सव्वापाच लाख. डाउन पेमेंटवर बुडालेले बँकेचे व्याज धरूनही सव्वादोन-अडीच लाखांचा फरक राहतो. तो तुम्ही सोयीसाठी मोजता: विकायची कटकट नाही, मोठ्या दुरुस्तीची धास्ती नाही, वर्ष-दीड वर्षात बदली झाली तर गाडी परत. बदलीच्या नोकरीत हे पटण्यासारखे आहे.

पगारातून मिळणारी कंपनी लीज वेगळी. तिथे भाडे कर लागण्याआधीच्या पगारातून जाते आणि वरच्या स्लॅबमधल्या माणसाला खरा फायदा होऊ शकतो. पण नोकरी सोडली तर करार मोडण्याचे पैसे कोण भरणार, हे एचआरकडून ई-मेलवर घ्या. तोंडी ‘बघून घेऊ’ चालत नाही.

करारात वाचायच्या जागा: वर्षाची किलोमीटर मर्यादा आणि वरच्या प्रत्येक किमीचा दर, मुदतीआधी परत केल्यास किती महिन्यांचे भाडे, दर अपघाताला तुमचा वाटा, टायर आणि बॅटरी ‘मेंटेनन्स’मध्ये येतात की नाही (बहुतेक भांडणे इथेच होतात), दुसरी चावी हरवल्यास दंड, परत करताना ओरखडा मोजण्याची पद्धत. घेताना आणि देताना गाडी धुऊन, उन्हात, चारही बाजूंनी, छत आणि रिम धरून व्हिडिओ काढा. त्यात मीटरचे रीडिंग दिसू द्या. डिपॉझिट परत मिळवताना हाच पुरावा कामी येतो.

गाडी विकून वर्ष झाले, चलान अजून माझ्या फोनवर येतात.

आरसीवर अजून तुमचेच नाव आहे. एजंटला फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या आणि त्याने पुढे नोंदवलेच नाही, असे नेहमी घडते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदीत ज्याचे नाव तोच मालक. म्हणजे त्या गाडीचा विमा नसताना अपघात झाला तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते.

आता करायचे ते: परिवहन पोर्टलवर आरसीची स्थिती पाहा, विक्रीची पावती आणि डिलिव्हरी नोट जोडून आरटीओला लेखी कळवा, पोच घ्या, फास्टॅग बंद करा. पुढच्या वेळी शेवटचे दहा-वीस हजार नाव बदलेपर्यंत राखून ठेवा. कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा आधी उतरवा, नाहीतर हस्तांतर अडते.

वार्षिक फास्टॅग पास घ्यावा का?

राष्ट्रीय महामार्गांवर वारंवार जात असाल तर हो. तो वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी होईल तोवर चालतो. पण मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा आहे, तिथे हा पास चालत नाही.

एकाच दुरुस्तीला तिसऱ्यांदा गाडी दिली, तरी तोच आवाज. तक्रार कुठे करू?

दरवेळी नवे जॉबकार्ड उघडायला लावा. ‘तेच पुढे चालू’ असे ऐकून घेऊ नका, कारण तीन भेटींची तीन जॉबकार्डे हाच पुरावा. तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या: ‘थंड असताना, दुसऱ्या गियरला, २० च्या वेगाने, पुढच्या डाव्या चाकातून टकटक.’ ‘सस्पेन्शन नॉइज’ एवढेच लिहिले तर ‘टेस्ट ड्राइव्ह ओके’ असे उत्तर येते. आवाजाचे रेकॉर्डिंग करा आणि वर्कशॉपच्या माणसाला शेजारी बसवून तोच खड्डा दाखवा.

मग गाडी कंपनीच्या ग्राहक कक्षाला ई-मेल, पंधरा दिवसांची मुदत देऊन. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरी हलले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. अर्जाला जॉबकार्ड, बिले आणि ई-मेल तारखेच्या क्रमाने जोडा, प्रत्येक पानावर क्रमांक टाका.